एकतीस कलमांचा अ‍ॅम्प्लिफायर

निरोप समारंभात ऑफिसने अधीक्षकांना स्पीकरची जोडी दिली, पण ती वाजवायचं यंत्र काही दिलं नाही. कारण साधं होतं. स्पीकर लाकडी असल्यामुळे ते ‘फर्निचर’ या सदरात बसले. अ‍ॅम्प्लिफायर ‘विद्युत उपकरणे’ या सदरात जात होता आणि त्या सदरातली तरतूद जिन्यातल्या दिव्यावर आधीच खर्च झाली होती. दुसरा कुणी असता तर चिडला असता. अधीक्षकांचा ऊर भरून आला, कारण सदरं वेगळी ठेवण्याचा हा नियम त्यांनीच लिहिला होता. आपण गेल्यावरही ऑफिस नियमाने चालेल, याची खात्री पटून ते दोन खोकी उचलून घरी आले.

अधीक्षक म्हणजे खरेदी शाखेचे अधीक्षक. चौतीस वर्षांत त्यांनी ऑफिससाठी अकरा हजार खुर्च्या खरेदी केल्या. त्यातली एकही बसायला बरी नव्हती, पण एकीबद्दलही चौकशी लागली नाही. खरेदीच्या धंद्यात यालाच निष्कलंक कारकीर्द म्हणतात.

स्पीकर दिसायला देखणे होते. उभ्या ठेवलेल्या बुटांच्या खोक्याएवढे, तपकिरी, पुढून काळं कापड लावलेले. खोक्यावर ‘बुकशेल्फ स्पीकर’ असं छापलेलं होतं. अधीक्षक छापील सूचना पाळणारे गृहस्थ. त्यांनी ते पुस्तकांच्या फळीवर ठेवले.

घोडं अडलं ते इथेच. घरात पुस्तकांची फळी एकच होती आणि ती बायकोची होती.

बायको इस्पितळात मेट्रन होती. चाळीस खाटांचा वॉर्ड तिने एका भुवईवर चालवला होता. निवृत्त झाल्यावर ती फक्त खुनाच्या कादंबऱ्या वाचायची. उभ्या आयुष्यात माणसं जगवायची धडपड केली, आता जरा बदल हवा, असं तिचं म्हणणं. फळीवर बासष्ट खून ओळीने लावलेले होते. स्पीकर आल्या दिवशी ते तीन खोक्यांत भरून जेवणाच्या टेबलाखाली गेले. ‘दोन दिवसांचा प्रश्न आहे,’ अधीक्षक म्हणाले होते. त्याला आता सात महिने झाले होते. सात महिने दोघं नवरा-बायको जेवायला बसले की गुडघे खुनांवर आपटत होते.

एका सोमवारी मेट्रनबाईंचा गुडघा जरा जोरातच आपटला.

“अहो.”

“हं.”

“ते दोघं फळीवर बसलेत ना, त्यांच्या तोंडून सात महिन्यांत हूं की चूं नाही. माझ्या वॉर्डात असं कुणी पडून राहिलं असतं तर मी चादर तोंडावरून ओढली असती.”

“अ‍ॅम्प्लिफायरची निवड चालू आहे.”

“कुठवर आलीय?”

“प्राथमिक टप्पा आहे.”

मेट्रनबाईंनी एक भुवई वर केली. समोर बसून चहात बिस्किट बुडवणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाचं बिस्किट तुटून कपात पडलं. ती भुवई त्याने लहानपणापासून पाहिलेली होती.

“रविवारी चार वाजता माझ्या मैत्रिणी येणार,” मेट्रनबाई म्हणाल्या. “दर वेळी पुस्तकं टेबलाखालून काढून द्यायला लागतात, भाजीवालीसारखी. तोवर यांच्यातून आवाज आला, तर फळी तुमची. मी पुन्हा ब्र काढणार नाही. नाही आला, तर जोडी भाऊ घेऊन जाईल आणि माझी पुस्तकं वर.”

“मी घेऊन जाईन!” मेव्हणा म्हणाला. इतक्या चटकन, की हे आधीच ठरलं असावं अशी अधीक्षकांना शंका आली.

या मेव्हण्याला कान होते. म्हणजे सगळ्यांनाच असतात, पण त्याचे तो सांगत फिरायचा. त्याच्या घरी बागेतल्या पाण्याच्या नळीएवढ्या जाड वायरी होत्या आणि त्या जमिनीला टेकू नयेत म्हणून प्रत्येक वायरीखाली त्याने लाकडी ठोकळे ठेवले होते. जमिनीच्या गारव्याने म्हणे आवाज पातळ होतो. त्याच्याकडे गाणं ऐकायला गेलेल्या माणसाला गाणं अर्धं मिनिट ऐकायला मिळायचं आणि वायरींबद्दल दीड तास.

“भाऊजी, राग मानू नका,” तो म्हणाला, “पण तुमच्याकडे त्यांची आबाळ होतेय. मुक्या जनावरासारखी बघतात माझ्याकडे.”

अधीक्षकांनी स्पीकरकडे पाहिलं. चौतीस वर्षांत ऑफिसकडून मिळालेली ही एवढीच वस्तू. ती मेव्हण्याच्या ठोकळ्यांवर जाऊन बसणार, ही कल्पना त्यांना सहन होईना. मंगळवारी सकाळी छत्री, वही आणि दोन पेनं घेऊन ते घराबाहेर पडले.

पहिलं दुकान मोठं होतं. काचेचा दरवाजा आपोआप उघडला, तेव्हा अधीक्षकांनी सवयीने त्याची किंमत मनात काढली. टायवाला विक्रेता हसत पुढे आला.

“या सर! रिसीव्हर दाखवू का अ‍ॅम्प्लिफायर?”

“फरक काय?”

“अ‍ॅम्प्लिफायर नुसता आवाज मोठा करून स्पीकरला देतो सर. रिसीव्हरमध्ये तेच सगळं, वर रेडिओपण. हा मॉडेल बघा. सात स्पीकर लागतात.”

“मला दोन आहेत.”

“पाच घ्या ना सर!”

“पाच ठेवू कुठे? दोघांवरच संसार मोडायची वेळ आलीय.”

विक्रेत्याने त्यांना काचेच्या खोलीत नेऊन बसवलं आणि एक बटण दाबलं. खोलीत हेलिकॉप्टर शिरलं. मग एक पूल कोसळला. मग बहुधा दुसरा पूल. अधीक्षकांचा चष्मा नाकावरून अर्धा इंच खाली घसरला.

“कसं वाटलं सर?”

“कोणी जखमी झालं का?”

“शंभर वॉट आहे सर, एका बाजूला! बरं, आपण ऐकता काय? गाणी, सिनेमे, बातम्या?”

इथे अधीक्षकांची दांडी गुल झाली. आपण काय ऐकतो? चौतीस वर्षं त्यांनी पंख्याची घरघर, शिक्क्याची ठाप आणि साहेबांचा खोकला ऐकला होता. यातलं काही शंभर वॉटवर ऐकावं असं त्यांना वाटेना. ‘विचार करून कळवतो’ असं सांगून ते उठले. दरवाजा पुन्हा आपोआप उघडला आणि त्यांनी त्याला मान लववून नमस्कार केला.

बुधवारी ते एका बोळातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे मेलेल्या रेडिओंची रास आणि त्या राशीत बसायला ठेवलेली एक फट. फटीत कारागीर बसला होता. डोळ्याला भिंग, हातात डाख लावायची तापलेली कैया, आणि समोर एका यंत्राचं उघडं पोट.

“स्पीकर आहेत, अ‍ॅम्प्लिफायर नाही,” अधीक्षकांनी तक्रार नोंदवली.

“आमच्याकडे उलटे लोक जास्त येतात,” कारागीर वर न बघता म्हणाला. “खोली केवढी?”

“सोफा, टेबल, आणि दोन माणसं भांडू शकतील एवढी.”

“मग वीस-पंचवीस वॉट डोक्यावरून पाणी. वॉटच्या मागे लागू नका काका. गल्लीत मोटार दोनशेने कोण नेतं? स्पीकरच्या पाठीवर ओहम लिहिलेले असतील, तेवढे अ‍ॅम्प्लिफायरला झेपतात का बघायचं. बाकी कानाला विचारायचं.”

“कान लेखी देत नाहीत.”

कारागिराने पहिल्यांदा वर पाहिलं. मग त्याने मागच्या राशीतून एक जुना रिसीव्हर ओढला. रुपेरी तोंड, वजनदार, आवाजाची चकती बशीएवढी. त्याला दोन धूळखाऊ स्पीकर जोडून त्याने त्याच्याच कॅसेटच्या खणात एक जुनी कॅसेट लावली.

कोणी बाई गाणार होती. अजून गायला लागली नव्हती. त्याआधी तिने श्वास घेतला, आणि तो श्वास अधीक्षकांना ऐकू आला. अगदी शेजारी कुणीतरी बसून घ्यावा तसा. त्यांनी चमकून डावीकडे पाहिलं. डावीकडे एक फुटका टेलिव्हिजन होता. मग बाई गायला लागली आणि अधीक्षकांच्या दोन्ही हातांवर, छत्रीच्या मुठीपासून कोपरापर्यंत, काटा उभा राहिला.

“केवढ्याला?” त्यांनी विचारलं. आवाज स्वतःलाच अनोळखी वाटला.

कारागिराने सांगितली ती किंमत एका बऱ्यापैकी चष्म्याची होती. “नाहीतर असं करा, घरी न्या. दोन दिवस ऐका. पटला तर पैसे, नाही पटला तर परत.”

“आणि पावती?”

“कशाची?”

“विश्वासाची.”

“त्याची छापतच नाहीत काका.”

अधीक्षक ताडकन उठले. खरेदी शाखेत पहिल्याच दिवशी त्यांच्या साहेबांनी त्यांना शिकवलं होतं की, जी वस्तू पाहून आपल्या अंगावर काटा येतो ती घ्यायची नसते. एका सहकाऱ्याला एका टेबलाचा रंग आवडला होता. नुसता आवडला होता, आणि तसं तो कँटीनमध्ये बोलून गेला. पुढे तीन वर्षं तो बिचारा ‘आवडण्याचे कारण काय’ या प्रश्नाचं उत्तर लिहीत होता. आणि इथे अधीक्षक चार दिवसांवर मुदत आली असताना एका रिसीव्हरच्या प्रेमात पडत होते, तेही पावतीशिवाय!

मनाचा हिय्या करून ते घरी आले आणि त्यांनी एकच उपाय होता तो केला. टेबलाशी बसून, खुनांवर पाय ठेवून, अ‍ॅम्प्लिफायरचं विनिर्देशपत्र लिहायला घेतलं.

ती रचना म्हणजे त्यांच्या कारकिर्दीचा कळस होती. एकूण कलमं एकतीस. कलम चार: यंत्र चालू असल्याचे दर्शविणारा दिवा लाल असावा, हिरवा चालेल, निळा चालणार नाही. कलम सहामध्ये कारागिराचे ओहम आले. कलम चौदा: यंत्रात मुंग्या शिरू नयेत, शिरल्यास बाहेर पडण्याची सोय असावी. कलम बावीस: पाय चार, रबरी. कलम सत्तावीस: ओलसर फडक्याने पुसता यावे. कलम एकतीस: पुरवठादाराने स्वतः जिना चढून यंत्र पोहोचवावे, वाटेत दम लागल्यास जबाबदारी त्याची. शेवटी ठळक अक्षरांत: सर्व कलमे पूर्ण करणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दर देणाऱ्यास काम मिळेल.

मेट्रनबाईंनी मागून येऊन वाचलं.

“साबुदाण्याएवढी अक्षरं काढलीत. पण तुम्हाला कसला हवाय, ते यात कुठे आहे?”

“मला काय हवंय याचा खरेदीशी संबंध नसतो.”

“माझ्याशी लग्न करतानाही तीन दरपत्रकं मागवली होती का?”

अधीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. खरं तर तेव्हा दोनच स्थळं आली होती, आणि तिसऱ्यासाठी न थांबता ‘हो’ म्हटल्याची रुखरुख त्यांना पहिली काही वर्षं होती. नियमाच्या दृष्टीने फक्त.

विनिर्देशपत्र तिघांना गेलं. एक काचेच्या दरवाजावाल्याला, एक कारागिराला. तिसरं कुणाला, याचा विचारही करावा लागला नाही. ऑफिसला झाडूपासून शिडीपर्यंत सगळं पुरवणारा एक जुना व्यापारी होता. त्याचा दर नेहमी सगळ्यांत कमी असायचा, म्हणून ऑफिसात त्याचं नाव न्यूनतमशेठ पडलं होतं. त्या अकरा हजार खुर्च्या त्याच्याच.

शनिवारी अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर लखोटे फुटले. साक्षीदार म्हणून मेट्रनबाई आणि मेव्हणा. मेव्हणा येताना दोरीचं भेंडोळं आणि जुनी रजई घेऊन आला होता.

“हे कशाला?” अधीक्षकांनी विचारलं.

“उद्या धावपळ नको. रजईत गुंडाळून नेईन दोघांना.”

मेट्रनबाईंनी इस्पितळातल्या कात्रीने पहिला लखोटा कापला. काचेच्या दरवाजावाल्याने रंगीत पुस्तिका पाठवली होती. त्याचा दिवा निळा होता. कलम चार, बाद. दुसरा लखोटा नव्हताच. कारागिराने एका जुन्या बिलाच्या पाठीवर एक ओळ लिहिली होती: ‘काका, रिसीव्हर ठेवून दिलाय. भाव तोच. मुंग्यांचं बघून घेऊ.’ अधीक्षकांनी तो कागद नको इतका वेळ हातात धरला.

तिसरा लखोटा लाखेने बंद केलेला. आत तीन प्रती. कलम एक: मान्य. कलम दोन: मान्य. असं एकतीस वेळा, आणि प्रत्येक ‘मान्य’वर शिक्का. वस्तू: ध्वनिवर्धक, राखाडी. दर कारागिराच्या भावाच्या निम्मा.

“न्यूनतमशेठ,” अधीक्षक म्हणाले. निकाल सांगताना त्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा खाली गेला.

“तुमचं तोंड का उतरलं?” मेट्रनबाईंनी विचारलं.

“उतरलं नाही. निःपक्षपाती झालंय.”

रविवारी सव्वातीनला न्यूनतमशेठ धापा टाकत स्वतः जिना चढून आला आणि टेबलावर एक राखाडी पेटी ठेवली. वर उचलायची कडी. पुढे तीन बटणं. लाल दिवा. चार पाय, रबरी. अधीक्षकांनी वही काढून एकेक कलम तपासायला घेतलं. ओलसर फडकं फिरवून पाहिलं. मुंगी काही वेळेवर मिळेना, तेव्हा ते कलम कागदोपत्री मान्य केलं. चाराला दहा कमी असताना एकतिसाव्या कलमावर बरोबरची खूण झाली.

“जोडा,” अधीक्षक म्हणाले.

न्यूनतमशेठने उजवा स्पीकर जोडला आणि हात झटकले.

“आणि डावा?”

“डावा?” शेठने विनिर्देशपत्राची प्रत खिशातून काढली. “साहेब, पाय चार लिहिलेत, बटणं तीन लिहिलीत. स्पीकर किती, ते कुठे लिहिलंय? एकाची सोय आहे.”

अधीक्षकांनी चष्मा पुसून वाचलं. स्पीकरची संख्या खरंच कुठे नव्हती.

“बरं… बरं. गाणं कुठून लावायचं?”

“गाणं?” शेठला मनापासून आश्चर्य वाटलं. “साहेब, एकतीस कलमं मी तीनदा वाचली. गाण्याचा शब्द एकात पण नाही. हा फिरत्या विक्रीच्या गाडीवरचा आहे. याला माइक असतो.” त्याने कोटाच्या खिशातून माइक काढून ठेवला. “आणि हे तिसरं बटण म्हणजे भोंगा. तुम्ही तिसऱ्या बटणाचं काम लिहिलं नव्हतं, म्हणून मी चांगल्यातलं दिलं.”

अधीक्षक खुर्चीत बसले. त्यांना ती खुर्ची ओळखीची वाटली. मेव्हण्याने सावकाश रजई उलगडली.

तेवढ्यात घंटी वाजली आणि मेट्रनबाईंच्या चार मैत्रिणी पिशव्या घेऊन आत आल्या. चौघीही जुन्या नर्स. त्यातल्या सर्वांत वडील बाईंना ऐकू कमी यायचं, म्हणून वाचनाच्या बैठकीत सगळ्या ओरडून बोलायच्या, आणि खुनी कोण याची चर्चा भर दुपारी जिन्याखालपर्यंत पोहोचायची.

“ताई, चार वाजले!” मेव्हणा घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाला. “आवाज नाही. मी सोडवू का वायरी?” आणि पेटी बाजूला सारायला म्हणून त्याने जो हात घातला, तो नेमका तिसऱ्या बटणावर पडला.

सात महिने मुका असलेला उजवा स्पीकर रुग्णवाहिकेसारखा असा काही किंचाळला की फळीवरची धूळ उडाली. मेव्हण्याने आपले ते प्रसिद्ध कान दोन्ही हातांनी दाबले. आणि चारही नर्स, पिशव्या खाली टाकून, बाह्या वर सारून, एका ओळीत उभ्या राहिल्या.

“किती आहेत?” पहिलीने विचारलं.

“आधी रक्त जाणारे इकडे आणा!” दुसरी म्हणाली आणि तिने न्यूनतमशेठला सोफ्यावर आडवा केला. तो जिन्यापासून धापा टाकतच होता, त्यामुळे त्याची नाडी बघताना कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

मेट्रनबाईंनी बटण बंद केलं.

“आवाज आला,” अधीक्षक हळूच म्हणाले.

“हा काय आवाज आहे?” मेव्हणा ओरडला. “ताई, आवाज म्हणजे ज्याला खोली असते, ऊब असते. आणि आला तोसुद्धा एकातून!”

सगळे मेट्रनबाईंकडे बघू लागले. वॉर्डात असे निकाल त्या उभ्या उभ्या द्यायच्या.

“मी आवाज म्हणाले होते, ऊब नाही. आवाज आलाय. पण एकातून आलाय, म्हणून फळी निम्मी तुमची आणि निम्मी माझी. भाऊ, मुका आहे तो डावा तू ने.”

“एकटा डावा घेऊन मी काय करू?”

“मग राहू दे. रजई मात्र चांगली आहे, ती ठेवून जा.”

मेव्हणा दोरी घेऊन गेला. जाताना वाटेत न्यूनतमशेठला जिना उतरायला त्याने हात दिला, कारण चारही नर्सनी त्याला महिनाभर जिना चढायची मनाई केली होती. टेबलाखालून एकतीस खून वर आले. ओळ कलंडायला लागली तेव्हा डावा स्पीकर सरकवून तिला टेकू दिला. घट्ट बसली. पुस्तकांच्या फळीवर ठेवायचे स्पीकर कशासाठी बनवतात, ते अधीक्षकांना सात महिन्यांनी समजलं.

मग मेट्रनबाईंनी माइक हातात घेतला आणि त्या महिन्याच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचायला सुरुवात केली. कमी ऐकू येणाऱ्या वडील बाई पहिल्याच वाक्याला दचकल्या.

“अगंबाई! माळी निर्दोष आहे? मी सहा पुस्तकं झाली, प्रत्येक वेळी माळ्यालाच धरतेय. मला ‘माळी’ सोडून दुसरं काही ऐकूच यायचं नाही!”

चहासाठी वाचन थांबलं, तेव्हा वरच्या मजल्यावरचे शेजारी दारात उभे होते. अधीक्षकांनी माफी मागायला हात जोडले.

“माफीचं सोडा हो,” शेजारी म्हणाले. “मृत्युपत्र फाडलं कुणी, तेवढं सांगा. आमची ही वर ताटकळत बसलीय. आणि जरा सावकाश वाचा म्हणावं.”

सगळे गेल्यावर मेट्रनबाई टेबलाशी येऊन बसल्या. गुडघे आता निम्म्याच खुनांना लागत होते.

“आता खरं सांगा. कुठला हवा होता?”

अधीक्षकांनी पेटीवरचा लाल दिवा बंद केला. मग एखादा गुन्हा कबूल करावा तसं त्यांनी सांगून टाकलं. बोळ, कारागीर, बशीएवढी चकती. “ती बाई गाण्याआधी श्वास घेते. तो ऐकू येतो. मला तो हवाय. पण श्वासाचं कलम कसं लिहितात ते मला येत नाही.”

मेट्रनबाईंनी उठून कपाटातून जुनं कागदांचं पॅड काढलं. वॉर्डात औषध संपलं की वरिष्ठांची वाट न बघता दुकानातून आणवायला त्या ज्या चिठ्ठ्या लिहायच्या, तसली चिठ्ठी त्यांनी लिहिली: ‘तातडीची गरज. तुलना नको. ताबडतोब आणावे.’ खाली सही.

“ही फाइलला लावा,” त्या म्हणाल्या.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच अधीक्षक बोळात उभे होते. ती कॅसेट खिशात घालून, रिसीव्हर छातीशी धरून, चोरी करून निघालेल्या माणसासारखे डावीउजवीकडे बघत ते घरी आले. दोन्ही स्पीकर जोडले आणि मग, यंत्र हातात घेऊन, ते खोलीच्या मधोमध थबकले. एकतीस कलमांत, तीन दरपत्रकांत आणि आठ दिवसांत एक गोष्ट कुणालाच सुचली नव्हती. हे ठेवायचं कुठे? फळीवर दोन स्पीकर आणि एकतीस खून. सोफ्यावर माणसं. बायकोने टेबलाखालचं दीड खोकं पायाने ढकललं.

तेव्हापासून रिसीव्हर जेवणाच्या टेबलाखाली आहे. बशीएवढी चकती बरोबर गुडघ्याच्या उंचीवर येते. कुणी पाय पसरले की गाणं मोठं होतं, पाय आखडले की लहान. मेव्हणा एकदा जेवायला आला, तेव्हा त्याने पायावर पाय टाकला आणि वरच्या मजल्यावरून शेजाऱ्यांनी विचारलं की आज सोमवार असून वाचन कसं काय. राखाडी पेटी रविवारी चारला निघते. जिन्यात आता अकरा खुर्च्या मांडाव्या लागतात. न्यूनतमशेठने पुरवल्यात.

पहिल्या सोमवारी मात्र घरात दोघंच होती. अधीक्षकांनी कॅसेट लावली आणि बायकोला गप्प राहायची खूण केली. दोन्ही स्पीकर क्षणभर खरखरले, आणि मग ती बाई त्या दोघांच्या मधोमध येऊन बसली आणि तिने श्वास घेतला.

अधीक्षकांनी डोळे मिटले. हातावर काटा आला. त्याचं कारण त्यांना कुणी विचारणार नव्हतं.

“ऐकलंस?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

मेट्रनबाईंनी पुस्तकातून मान वर केली, नीट कान देऊन दोन ओळी ऐकल्या आणि गुडघ्याने आवाज थोडा वाढवला.

“दमा आहे हिला,” त्या म्हणाल्या. “पण गाते छान.”